पटापर्यंतचा रस्ता

जॉर्जियातल्या बातुमी शहरात २८ जुलै २०२५ रोजी कोनेरू हंपीनं डाव सोडला, तेव्हा समोर बसलेल्या नागपूरच्या मुलीला काही क्षण काय करावं तेच कळेना. मग तिचे डोळे भरून आले. बाहेर आई उभी होती, तिच्या गळ्यात पडून ती रडली. वय १९. महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकणारी पहिली भारतीय. शिवाय त्या एका विजयानं ती ग्रँडमास्टरही झाली. देशातली ८८वी, आणि बायकांमध्ये हंपी, द्रोणवल्ली हरिका आणि आर. वैशाली यांच्यानंतर फक्त चौथी. एरवी या किताबासाठी तीन नॉर्म (म्हणजे स्पर्धांतली ठरलेल्या दर्जाची कामगिरी) मिळवावे लागतात आणि रेटिंग २५००पर्यंत न्यावं लागतं. दिव्या देशमुख बातुमीला गेली तेव्हा तिच्या गाठीला एकही नॉर्म नव्हता. विश्वचषक जिंकणाऱ्या खेळाडूला किताब थेट देण्याची तरतूद नियमांत आहे, ती तिच्या कामी आली.

दुसऱ्या दिवशी मराठी वर्तमानपत्रांनी तिला ‘जगज्जेती’ करून टाकलं. काटेकोरपणे बोलायचं तर महिलांचं जगज्जेतेपद तेव्हा चीनच्या जू वेनजुनकडे होतं, २०१८पासून. विश्वचषक ही वेगळी स्पर्धा. ती जिंकली की जगज्जेतीला आव्हान कोणी द्यायचं हे ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेचं दार उघडतं. पण ज्यांनी तो मथळा दिला त्यांच्याशी मी भांडणार नाही. वयोगटांतली जागतिक विजेतेपदं दिव्यानं त्याआधीच मिळवली होती, एक सोडून तीन: दहा वर्षांखालील, बारा वर्षांखालील आणि वीस वर्षांखालील.

मी हे नशिराबादहून लिहितो आहे. जळगावहून भुसावळकडे निघालं की हे गाव लागतं. जवळचं रेल्वे स्टेशन भादली. पूर्वी इथे काचेच्या बांगड्या होत, त्याची नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये आहे. आता बाहेरच्यांना गाव माहीत असतं ते सिमेंटच्या कारखान्यामुळे किंवा टोलनाक्यामुळे. गावाला लागून जाणारा महामार्ग पूर्वी सहा नंबरचा होता, आता त्रेपन्न झाला. पण ट्रकवाले अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. सुरतेकडून येणारा हा रस्ता भुसावळ, मलकापूर, अकोला, अमरावती करत थेट नागपुरात शिरतो. म्हणजे दिव्याचं शहर आणि आमचं गाव एकाच सडकेवर आहे. मधे चारशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, एवढंच. दिवाळी अंकात बुद्धिबळावर लिहायचं ठरलं तेव्हा हे अंतरच माझ्या डोक्यात बसलं. विजेत्याची गोष्ट आपण नेहमी त्याच्या बुद्धीपासून सुरू करतो. मला ती पोराला पहिल्यांदा पटासमोर बसवणाऱ्या माणसापासून सुरू करावीशी वाटते, आणि त्या माणसाच्या घरापासून पटापर्यंत किती चालावं लागतं तिथून.

दिव्याच्या बाबतीत तर फारच थोडं चालावं लागलं. ९ डिसेंबर २००५चा तिचा जन्म. आई डॉ. नम्रता आणि वडील डॉ. जितेंद्र, दोघेही स्त्रीरोगतज्ज्ञ. थोरली बहीण आर्या बॅडमिंटनला जायची, म्हणून पाच वर्षांच्या धाकटीलाही तिथेच घातलं. पण तिचा हात जाळीच्या वर पोचेना. तिथेच बुद्धिबळाचा वर्ग चालायचा, मग तिला तिकडे बसवलं. शिकवायला राहुल जोशी होते. दोन वर्षांत, २०१२ साली, ती सात वर्षांखालच्या मुलींची राष्ट्रीय विजेती झाली. २०१४ला दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये दहा वर्षांखालचं जागतिक विजेतेपद, २०१७ला ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालचं.

या राहुल जोशींविषयी दोन शब्द अधिक लिहायला हवेत, कारण असे शिक्षक मथळ्यात येत नाहीत. ते ग्रँडमास्टर नव्हते. जिल्हा पातळीवरच्या मुलांना पटाची गोडी लावणारा, त्यांना हरल्यावर पुन्हा सोंगट्या मांडायला लावणारा शिक्षक प्रत्येक बुद्धिबळाच्या गावात एखादा असतो, तसे ते होते. २०२०मध्ये ते गेले, जेमतेम चाळिशीत. बातुमीहून परतल्यावर नागपूरच्या विमानतळावर ढोलताशे वाजत होते, शाळेची मुलं हारतुरे घेऊन उभी होती. त्या गर्दीत दिव्यानं आवर्जून त्यांचं नाव घेतलं. मी ग्रँडमास्टर व्हावं असं त्यांना फार वाटायचं, अशा अर्थाचं ती बोलली. पुढे तिला चेन्नईचे आर. बी. रमेश, श्रीनाथ नारायणन असे नावाजलेले प्रशिक्षक मिळाले. पण घोडा अडीच घरं कसा जातो हे तिला नागपुरातच कोणीतरी शिकवलेलं होतं.

आणि नागपूर काही एका मुलीवर थांबलेलं नाही. रौनक साधवानी तेराव्या वर्षी, २०१९मध्ये, ग्रँडमास्टर झाला. संकल्प गुप्ता २०२१मध्ये. एका शहरातून सहा वर्षांत तीन ग्रँडमास्टर निघाले, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. बुद्धिबळ एकट्यानं खेळायचं असलं तरी एकट्यानं शिकता येत नाही. आपल्याहून थोडा बरा खेळणारा पोरगा शेजारच्या टेबलावर असावा लागतो. तो रोज हरवतो, आणि एक दिवस आपण त्याला हरवतो.

खानदेशात पट नव्हता असं नाही. ओट्यावर, पारावर, किराणा दुकानाच्या फळीवर देशी बुद्धिबळ चालायचं. त्याचे कायदे वेगळे. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नसे. शेवटच्या घरात पोचलं की त्या घराच्या मानानं हत्ती, घोडा किंवा उंट होई, वाटेल तेव्हा वजीर नाही. प्याद्यानं मात करणं ही सगळ्यात मोठी शेखी. प्रतिस्पर्ध्याचा राजा एकटा उरला तर बुर्जी, म्हणजे जिंकत आलेला डाव हातचा गेला, त्यामुळे समोरच्याचं एखादं प्यादं जपून ठेवत खेळायचं. ऐकायला गंमत वाटते, पण ज्यांनी तसं खेळलेलं आहे त्यांना शेवटच्या टप्प्यात नेमकेपणा काय असतो हे चांगलं समजायचं. याच देशी कायद्यांवर वाढलेल्या पंजाबच्या सुलतान खाननं इंग्लंडात जाऊन १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं जिंकली होती.

त्या ओट्यांवर बायका मात्र नसत. घरातल्या मुलीनं फार तर चहा आणून ठेवायचा आणि एखादा डाव उभ्या-उभ्या बघायचा. दिव्याची खरी पूर्वपीठिका मला इथे दिसते, आणि ती सांगायला नागपूर सोडून मुंबईला जावं लागतं.

‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर आपल्या अग्रलेखांसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या घरी तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. तिघींनाही पटाचा नाद लागला. भारतातली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४मध्ये बंगलोरला झाली, ती वासंतीनं जिंकली. नाटककार कृ. प्र. खाडिलकरांच्या या पणत्यांनी पुढची काही वर्षं महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद जणू घरातच ठेवलं. जयश्रीनं ते चारदा जिंकलं आणि १९७९मध्ये ती भारताची पहिली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली. रोहिणीनं पाचदा जिंकलं.

खरी लढाई मात्र १९७६ची. तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि देशभरातल्या बुद्धिबळकारांत गदारोळ झाला. मुलीबरोबर का खेळायचं, हरलो तर तोंड कुठे दाखवायचं, असे प्रश्न वेगवेगळ्या सभ्य भाषांत विचारले गेले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष माक्स यूवे यांना निर्णय द्यावा लागला, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून स्त्रीला बाहेर ठेवता येणार नाही. यूवे हे स्वतः १९३५चे जगज्जेते, अलेखाइनला हरवणारे. त्यांच्या शब्दाला वजन होतं. रोहिणी पुढे १९८१ला हैदराबादमध्ये आशियाई विजेती झाली, मग १९८३ला पुन्हा. नंतर ती वर्तमानपत्राच्या व्यवसायात गेली.

हे सगळं आज किती जणांना आठवतं? आमच्या भागातल्या शाळांमध्ये सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात विश्वनाथन आनंद असतो आणि असावाही. पण मराठी मुलीनं तेराव्या वर्षी सगळ्या देशाला नियम वाचायला लावला, ही गोष्ट कुठल्या धड्यात मी पाहिलेली नाही.

खाडिलकर भगिनींनंतरही रांग तुटली नाही. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले, दोघींनी प्रत्येकी पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं आणि दोघींनाही पद्मश्री मिळाली. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ चालवून एका मध्यम आकाराच्या शहराला बुद्धिबळाची पेठ बनवलं, स्वाती घाटे तिथलीच. पुण्यातून सौम्या स्वामीनाथन आली, ती २००९मध्ये अर्जेंटिनात वीस वर्षांखालची जागतिक विजेती झाली. २०१८मध्ये इराणमधल्या स्पर्धेत डोक्यावर स्कार्फ घालायची सक्ती होती, म्हणून तिनं तिथे जायला नकार दिला. हे सगळं आठवल्यावर दिव्याला आभाळातून पडलेली चांदणी म्हणणं मला पटत नाही.

चांगल्या खेळाडूची कारकीर्द सरळ चढत नाही. दिव्याच्या बाबतीत मला सगळ्यात बोलका वाटतो तो २०२४चा जानेवारी महिना. नेदरलँड्समधल्या वाइक आन झी गावात टाटा स्टीलची जुनी मानाची स्पर्धा असते. चॅलेंजर्स गटात ती खेळली, निकाल बेताचेच लागले. ती परतली आणि इन्स्टाग्रामवर एक लांबलचक मजकूर लिहिला. प्रेक्षक आपला खेळ सोडून आपले कपडे, केस, बोलण्याची ढब यांवरच बोलत राहतात, मुलांच्या वाट्याला हे येत नाही, अशी ती तक्रार होती. १८ वर्षांच्या मुलीनं हे उघड लिहिणं सोपं नव्हतं. काहींनी तिला उपदेशही पाजला, हरलीस म्हणून बोलतेस वगैरे. मला वाटतं, जिंकल्यावर बोलली असती तर ऐकणाऱ्यांनी मान डोलावली असती आणि विसरून गेले असते. हरल्यावर बोलली म्हणूनच ते टोचलं.

त्याच वर्षाच्या जूनमध्ये गांधीनगरला ती वीस वर्षांखालची जागतिक विजेती झाली, ११ पैकी १० गुण घेऊन. सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या महिलांनी पहिल्यांदा सुवर्णपदक मिळवलं. संघाचे कर्णधार होते पुण्याचे अभिजित कुंटे. दिव्या तिसऱ्या पटावर खेळली, ११ पैकी साडेनऊ गुण, आणि त्या पटाचं वैयक्तिक सुवर्ण. पुरुषांच्या सुवर्णविजेत्या संघात नाशिकचा विदित गुजराथी होता. मुंबई-पुण्याबाहेरच्या महाराष्ट्राला इतकं काही एका आठवड्यात क्वचितच मिळतं.

आता बातुमीकडे. तिथे १०७ खेळाडू होत्या, दिव्याला मानांकन पंधरावं. ही बाद फेरीची स्पर्धा. प्रत्येक फेरीत दोन संथ डाव, त्यांत निकाल लागला नाही तर दुसऱ्या दिवशी जलद डाव, त्यातही नाही लागला तर आणखी जलद. हरणारी बॅग भरते. साखळी स्पर्धेत एक वाईट दिवस निभावून नेता येतो, इथे नाही. त्यामुळे ज्ञान जास्त असलेला नेहमी जिंकतोच असं नाही. हातात मिनिट उरलं असताना ज्याचं डोकं शाबूत राहतं तो पुढे सरकतो.

चौथ्या फेरीत तिच्यासमोर दुसरं मानांकन असलेली चीनची झू जिनर आली. संथ डावांत एक-एक, मग जलद डावांत दिव्या. उपांत्यपूर्व फेरीत चार भारतीय एकदम होत्या, हंपी, हरिका, वैशाली आणि दिव्या. असं याआधी घडलं नव्हतं. दिव्याची गाठ हरिकाशी पडली. हरिका २०११पासूनची ग्रँडमास्टर, २०२२च्या चेन्नई ऑलिम्पियाडला नऊ महिन्यांची गर्भवती असताना खेळलेली बाई. तीही लढत जलद डावांवर गेली आणि दिव्यानं जिंकली. उपांत्य फेरीत तान झोंगयी. ही २०१७ची जगज्जेती आणि २०२५च्या एप्रिलमध्ये जू वेनजुनशी जगज्जेतेपदाचा सामना खेळून आलेली. पहिला डाव बरोबरीत. दुसऱ्या डावात पांढरी मोहरी घेऊन दिव्या खेळत राहिली, खेळत राहिली, १०१ चाली. शेवटी तान मोडली. मी तो डाव नंतर संगणकावर सावकाश पाहिला. तो काही निर्दोष डाव नाही. मधे दोघींच्याही हातून चुका झाल्या, बाजी इकडून तिकडे झुकली. पण इतक्या तासांनंतरही एक जण अजून काहीतरी शोधते आहे आणि दुसरी संपावं म्हणून खेळते आहे, हे चालींतून दिसतं.

अंतिम सामना हंपीशी. हंपी ३८ वर्षांची, दिव्याच्या बरोबर दुप्पट. २००२मध्ये हंपी ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. मूल झाल्यावर हंपीनं खेळ थांबवला, परत आली, आणि २०१९ व २०२४ अशी दोनदा जलद बुद्धिबळाची जागतिक विजेती झाली. म्हणजे जलद डावांवर लढत गेली तर पारडं तिचंच जड. दोन संथ डाव बरोबरीत सुटले. तिसऱ्या दिवशी पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. डाव अंतिम पर्वात गेला, दोघींच्या घड्याळांचे काटे धावत होते, हंपीच्या हातून आधी चूक झाली. दिव्यालाही लगेच ती नीट पकडता आली नाही. पण शेवटी पकडली. जिंकल्यावर दिलेल्या मुलाखतीत ती रडता-रडता म्हणाली की आपल्याला अंतिम पर्व नीट शिकायला हवं. विश्वचषक हातात असताना स्वतःचा कच्चा धडा असा सांगून टाकणारी माणसं थोडी असतात. मला ती त्या वाक्यानं अधिक आवडली.

पुढचं सगळं रीतसर झालं. मिरवणूक, सत्कार, राज्य सरकारचे ३ कोटी रुपये. पैसा मिळाला हे उत्तमच. परदेशी स्पर्धा, प्रशिक्षक, सोबत जाणारे आई किंवा वडील, यांचा खर्च कुठल्याही मध्यमवर्गीय घराला वाकवणारा असतो. डॉक्टर दांपत्याला तो पेलला. फक्त ही बक्षिसं येतात विजयानंतर, आणि खर्च असतो त्याआधीच्या पंधरा वर्षांत.

इथेच पुन्हा आमच्या रस्त्याचा विषय येतो. आम्ही अगदी आडबाजूला आहोत असं म्हणता येणार नाही. जळगावात जैन इरिगेशननं ठिबक सिंचनाच्या नळ्यांबरोबर खेळांतही पैसा घातला, बुद्धिबळपटूंना पाठबळ दिलं. जळगावची भाग्यश्री पाटील महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली आहे. बातुमीचा निकाल लागून आठवडा होत नाही तोच, ऑगस्टच्या सुरुवातीला, जैन हिल्सवर अकरा वर्षांखालच्या मुलामुलींची राष्ट्रीय स्पर्धा भरली. देशभरातली पोरं आईबापांसह गाड्या भरून भुसावळ-जळगावला उतरली. अशा स्पर्धेत हॉलच्या आत शांतता असते आणि खरा ताण बाहेर असतो. पालक सतरंजीवर, पायरीवर, झाडाखाली बसलेले असतात, आणि दारातून येणाऱ्या प्रत्येक पोराच्या चेहऱ्यावरून निकाल वाचायचा प्रयत्न करतात. दिव्याची आईही अशाच कितीतरी पायऱ्यांवर बसली असणार.

नशिराबादहून जैन हिल्स फार लांब नाही. पण दहा वर्षांच्या मुलीला शाळा सुटल्यावर रोज जळगावला न्यायचं, दोन तास थांबायचं, अंधार पडल्यावर महामार्गावरून परत आणायचं, हे काम कोण करणार? बाप कारखान्यात पाळीला, आई शेतात किंवा घरात. मोबाइल आहे, त्यावर पोरं खेळतात, काही तर चांगली खेळतात. मोबाइलनं ओट्याची जागा घेतली आणि मुलींना एक फायदा झाला, तिथे त्यांना कोणी उठवत नाही. पण मोबाइल चुकलेली चाल दाखवतो, ती का सुचली हे विचारत नाही. ते विचारायला राहुल जोशींसारखा माणूस लागतो, आणि तो गावातच असावा लागतो. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत आठवड्यातून दोन संध्याकाळी पट मांडून बसणारा एक शिक्षक. याला ३ कोटी लागत नाहीत. मी हे गावातल्या दोन-चार जबाबदार मंडळींजवळ बोललो. त्यांना कल्पना आवडली, आणि पुढच्या वाक्याला विषय गटारीच्या कामावर गेला. गटारीचं कामही खरंच अडलेलं आहे, त्यामुळे मी फार रागावू शकलो नाही.

सप्टेंबरात उझबेकिस्तानातल्या समरकंदला ग्रँड स्विस स्पर्धा झाली. दिव्याचं कँडिडेट्सचं तिकीट आधीच पक्कं असल्यामुळे महिला गटात खेळायची तिला गरज नव्हती. ती खुल्या गटात उतरली. तिथे तिची गाठ डी. गुकेशशी पडली, जो त्या वेळी पुरुषांचा, किंवा खरं तर सगळ्यांचाच, जगज्जेता होता आणि लागोपाठ तीन डाव हरून आला होता. दोघंही १९ वर्षांचे. डाव बरोबरीत सुटला. तिनं त्या गटात खेळावं की नाही यावर कोणी अर्ज केला नाही, कोणी न्यायालयात गेलं नाही. १९७६च्या त्या गदारोळाला तेव्हा एकोणपन्नास वर्षं झाली होती.

मग २०२६ची कँडिडेट्स. आठ जणी, प्रत्येकीशी दोनदा, एकूण चौदा फेऱ्या. जी पहिली येते ती जगज्जेतीशी खेळते. वैशालीनं समरकंदला महिला गट जिंकून जागा मिळवली, त्यामुळे दिव्या, हंपी आणि ती अशा तीन भारतीयांनी आठांत जागा मिळवली. दिव्याविषयी माझा अंदाज विचाराल तर मी सावध होतो. जलद डावांच्या कडेलोटावर तिचं डोकं थंड राहतं, पण चौदा फेऱ्यांत तसा कडेलोट येत नाही. तिथे रोज सकाळी उठून तयारी करायची असते आणि बरोबरीत सुटणारा कंटाळवाणा डाव बरोबरीतच सोडवायचा असतो. अंतिम पर्वाचा धडाही तोवर व्हायला हवा होता, कारण बातुमीत जिला १०१ चालींत दमवलं ती तान झोंगयी आणि झू जिनर यांनीही तिथे जागा मिळवली होती, आणि या वेळी दोघींनीही दिव्याचे डाव नीट बसून पाहिलेले असणार.